पंचवीस मिनिटांचं शहर

लोक शहर बघायला निघाले की नकाशावर काय काय शोधतात? जुने मनोरे, बागा, कॉफीची दुकानं, फोटो बरा येईल अशी एखादी रंगवलेली भिंत. फिनेलताईंनी रविवारच्या फेरीसाठी जो नकाशा तयार केला त्यात यातलं काहीच नव्हतं. त्यात होती फक्त स्वच्छतागृहं. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, कारण ही गोष्ट शेवटपर्यंत त्याच विषयावर आहे. आणि ज्यांना अजून तास-तासभर आवरून धरता येतं त्यांनी फार मिजास करू नये. वय काही कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

फिनेलताई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ताई नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात निरीक्षक होत्या आणि गेली नऊ वर्षं त्यांच्याकडे सार्वजनिक स्वच्छतागृहांची तपासणी होती. एकूण एकशे त्रेचाळीस. कुठल्या दाराची कडी सैल आहे, कुठल्या खिडकीची काच गेली आहे, कुठे नळ आहे पण पाणी नाही आणि कुठे पाणी आहे पण नळच नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळली की पाच मिनिटांत सगळीकडे फिनेलचा वास सुटायचा, म्हणून खात्यानं त्यांना हे नाव बहाल केलं. ताईंना ते आवडायचं. या कामात राहून अत्तरताई म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच आहे.

घरी ताई आणि त्यांची आई, दोघीच. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा. अजूनही शब्दकोडं चहा संपायच्या आत सोडवायची. पण गेली तीन वर्षं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडे तिनं पाऊल टाकलं नव्हतं. कुणी विचारलं तर एकच शब्द, "गुडघे." गुडघे ठणठणीत होते. दोन मजले चढून ती रोज गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायची.

खरं कारण ताईंना माहीत होतं. ताईंना ते माहीत आहे हे आईलाही माहीत होतं, आणि तरी दोघींपैकी कुणी त्याबद्दल ब्र काढत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आई बँकेत गेली होती. रांग लांब होती. तिनं काउंटरवरच्या माणसाला अगदी हळू विचारलं, तर तो मोठ्यानं म्हणाला, "ग्राहकांसाठी तशी सोय नाही, आजी." सगळ्या रांगेनं ऐकलं. आई बाहेर पडली, पण घर पंधरा मिनिटांवर होतं. त्या दिवशी ताई जेवायला घरी आल्या तेव्हा भर दुपारी आईचे कपडे धुऊन दोरीवर वाळत घातलेले होते आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ताईंनी विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही; बँकेतला प्रकार ताईंना रांगेतल्या एका शेजारणीकडून कळला. ती बँक ताईंच्याच हद्दीत होती. गावभरच्या सोयीचे अहवाल लिहिणारीच्या आईवर ही वेळ! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो ताईंना तीन वर्षं सलत होता.

मग निमंत्रण आलं. जाड, गुळगुळीत कार्ड. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत संग्रहालय उघडत होतं आणि उद्घाटनाला त्या काळच्या ऑपरेटरांचा सत्कार होता, रविवारी सकाळी अकरा वाजता. आईचा तो बोर्डसुद्धा तिथे मांडलेला असणार होता. आईनं कार्ड वाचलं, "मी नाही जात, गुडघे," म्हणाली आणि ते औषधांच्या डब्यामागे सारलं. त्यानंतर दोन दिवसांत ताईंनी तिला ते सहा वेळा काढून वाचताना पाहिलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना ताईंनी ताट बाजूला सारलं.

"आई, गुडघ्यांचं मला सांगू नकोस. किती वेळ थांबवता येतं तुला?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांत या घरात तो विषय कुणी उघडपणे काढला नव्हता. आईला जायचं असलं की ती म्हणायची, "जरा बघून येते." काय बघून येते, देव जाणे.

"पंचवीस मिनिटं," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरांच्या गोळ्यांनी दहाची पंचवीस झालीत. फार तर सत्तावीस."

"आणि एक्स्चेंज बसनं सव्वा तासावर आहे."

"म्हणूनच म्हणते ना, गुडघे."

"टॅक्सीनं?"

"टॅक्सी सिग्नलला अडकली की काय करू, टपावर चढू?" पॅड लावून जा असं मागे ताईंच्या भावाच्या बायकोनं फोनवर सुचवलं होतं, तेव्हा आईनं बोलणं अर्धवट टाकून फोनच ठेवला होता. त्यामुळे तो विषय ताईंनी काढलाच नाही.

त्या म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आपण शहर पंचवीस-पंचवीस मिनिटांनी कापायचं."

शनिवारी दुपारी ताई मोबाइल आणि तपासणीची वही घेऊन बसल्या. मोबाइलमधल्या नकाशात आपली स्वतःची यादी करता येते, हव्या त्या जागेवर खूण टोचता येते, खुणेखाली चार ओळी लिहिता येतात. एकशे त्रेचाळीसमधून ताई निवडायला लागल्या. निकष कडक होते. पायरी नको. असली तर एकच, आणि धरायला दांडा हवा. कडी आतून लागणारी. पिशवी टांगायला खुंटी, कारण आई मरेल पण पिशवी जमिनीवर ठेवून जाणार नाही. पाणी, उजेड, आणि बसथांब्यापासून दोनशे पावलांच्या आत. अशी चाळणी लावल्यावर एकशे त्रेचाळीसची उरली तीन. ताईंना स्वतःच्याच खात्याची लाज वाटली, पण ती लाज त्यांनी सोमवारवर ढकलली. तीनही जागी हिरव्या खुणा टोचल्या. चौथी संग्रहालयाची, तिथे फोन करून दोनदा खात्री करून घेतली. यादीला नाव दिलं, "आईचा रस्ता".

भावाला नकाशा पाठवला तर त्याचं उत्तर आलं: "लोक सहलीला प्रेक्षणीय स्थळं बघतात. तू आईला कसलं दर्शन घडवणार आहेस?" पुढे हसून लोळणारे तीन चेहरे. ताईंनी लिहिलं, "तुला साठी गाठू दे, मग बोलू." भाऊ गप्प झाला. तो अठ्ठावन्नचा होता.

रविवारी नऊ वाजता दोघी निघाल्या. आईनं ठेवणीतला करडा कोट घातला होता. पिशवीत कार्ड, पाण्याची बाटली (जिला ती हात लावणार नव्हती) आणि खुणेला म्हणून जुनं ओळखपत्र. ताईंनी आज खात्याचं जाकीट घातलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते घालायचं नाही असा त्यांचा नियम होता.

पहिला टप्पा ग्रंथालय, चौदा मिनिटं. आई बसमध्ये दांडा घट्ट धरून बसली होती आणि दर मिनिटाला ताईंच्या मनगटाकडे बघत होती. ग्रंथालयाच्या दारातून ती आत गेली, चार मिनिटांनी बाहेर आली आणि कोटाची बटणं नीट करत म्हणाली, "खुंटी आहे गं."

"आहेच. मी सांगितलं होतं."

"पितळी आहे."

पुढच्या बसमध्ये आईनं दांडा सोडला. खिडकीतून बघायला लागली. ही इमारत नवी, तो पूल केवढा रुंद केलाय, इथे चपलांचं दुकान होतं ते कुठे गेलं. मग आपणहून एक्स्चेंजच्या गोष्टींवर आली. सत्काराच्या यादीत एक नाव होतं, ऑपरेटरांवरच्या सुपरवायझरचं. त्यांना सगळ्याजणी घड्याळबाई म्हणायच्या. आता वय वर्षं एक्क्याण्णव.

"जागा सोडायची नाही, हा नियम. जायचं असेल तर हात वर करायचा आणि वाट बघायची. घड्याळबाई येणार, गळ्यातलं घड्याळ बघणार, वहीत नंबर लिहिणार, मग जायचं. चार मिनिटं. एका वेळी एकीनंच. एकदा मी हात वर केला तेव्हा सव्वादहा झाले होते. त्या आल्या पावणेअकराला. तोवर डावा हात वर आणि उजव्या हातानं लोकांचे फोन जोडतेय."

"मग गं?"

"मग काय, धरून ठेवलं. एकतीस वर्षं धरून ठेवलं. आता ते म्हणतंय, बाई, माझी नोकरी संपली." आणि आई स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली. ताईंना हसू आलं नाही. आईनं आपणहून हा विषय काढला, तोही भर बसमध्ये, याचंच त्यांना एवढं नवल वाटत होतं.

दुसरा टप्पा बाजाराजवळची बाग. हे ताईंचं लाडकं युनिट. अठरा मिनिटांचं अंतर होतं, पण पुलाखाली बस थोडी खोळंबली आणि बावीस झाली. आई बोलायची थांबली होती. उतरल्याबरोबर दोघी फाटकातून आत, पहिल्या वळणाला उजवीकडे, फरशी पुसलेली, कुंड्या रंगवलेल्या. आणि दाराला हे भलंमोठं कुलूप.

ताईंच्या तोंडचं पाणीच पळालं. नऊ वर्षं, दर मंगळवारी दहा वाजता, त्यांनी हे दार उघडं आणि लखलखीत पाहिलं होतं. फळ्यावर ठसठशीत लिहिलेलं, "सातही दिवस, सकाळी सहा ते रात्री नऊ". त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. कुलूप कशाला ऐकतंय.

"अगं," आई म्हणाली. एवढंच. तिचा चेहरा तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारसारखा व्हायला लागला होता.

ताईंनी इथल्या मावशींना फोन लावला. बागेचं युनिट सांभाळणाऱ्या मावशी, सगळं खातं त्यांना मावशीच म्हणायचं.

"मॅडम? आज रविवारी?" मावशी दचकल्या. "काय झालं?"

"मावशी, कुलूप आहे इथे!"

"असणारच. रविवारी माझी सुट्टी, आणि ठेकेदार बदली माणूस पाठवतच नाही."

"पण फळ्यावर तर—"

"फळ्यावर आहे हो सगळं. राग मानू नका मॅडम, पण तुमची स्कूटर वळताना दिसते आम्हाला. मंगळवारी दहाला ते राजवाडा असतं. तुम्ही कधी अकराला येऊन बघितलंय?"

एकशे त्रेचाळीस ठिकाणं तोंडपाठ असलेल्या बाईला पहिल्यांदाच कळलं की आपल्याला जे पाठ आहे ते सगळं आपल्यासाठी पुसून ठेवलेलं होतं. पण आत्ता त्याचं दुःख करायला वेळ नव्हता.

"मावशी, माझी आई आहे बरोबर. तिला थांबवता येत नाही."

मग मावशींचा आवाज एकदम कामाचा झाला. "फाटकासमोर बघा. निळ्या दाराचं सलून आहे. त्याला म्हणावं मावशीनं पाठवलंय. आम्ही सगळ्याजणी तिथेच जातो."

"तुम्ही सगळ्या?"

"मग कुठे जाणार? बागेतलं तुमच्यासाठी चकाचक ठेवायचं असतं ना! पळा आधी."

सलून पुरुषांचं होतं. तीन खुर्च्या, तीन गिऱ्हाइकं, मधल्याच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस. आई उंबऱ्यात थबकली. ताई बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात आईच पुढे झाली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथे ना हरी होता ना गाढव. होता एक सरळ माणूस, हातात वस्तरा घेतलेला.

"मला मावशीनं पाठवलंय," आई म्हणाली.

सलूनवाल्यानं मान वर केली. काही विचारलं नाही, हसला नाही, आवाज चढवला नाही. वस्तऱ्याचा हात जागीच ठेवून कोपरानं दिशा दाखवली. "सरळ मागे जा, आजी, डाव्या हाताला. दिव्याचं बटण बाहेर आहे, थांबा, मी लावतो."

ताई दाराशी उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या कंगव्यांकडे बघत राहिल्या. अर्ध्या फेसातल्या माणसानं आरशातून विचारलं, "लांबून आलात?" ताईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही.

आई बाहेर आली ती पार बदलून. हाताला साबणाचा सुवास. "आरसा आहे, टॉवेल आहे, खिडकीत छोटंसं झाड आहे," तिनं जाहीर केलं. "मी निरीक्षक असते ना, तर याला पैकीच्या पैकी दिले असते."

"पुन्हा या आजी, येताजाता कधीही," सलूनवाला म्हणाला आणि गालाकडे वळला.

बसथांब्यावर बाकावर बसून ताईंनी नकाशा उघडला. बागेवरची आपली लाडकी हिरवी खूण काढून टाकली. मग मावशींना पुन्हा फोन केला.

"मावशी, पुढे डेपोमधलं आहे माझ्या नकाशात. चालेल?"

"डेपोतलं? तुमच्या दिवशी चालतं. ते सोडा. एक थांबा अलीकडे उतरा, छापखाना आहे. पहारेकऱ्याची बायको आतच राहते, ती मला बहिणीसारखी आहे, मी कळवते. आणि त्याच्या पुढे लागलंच तर फुलवाली. आणि मॅडम, येताना जुन्या चौकातून येऊ नका, तिथलं काही खरं नाही."

मावशी सांगत गेल्या आणि ताई टोचत गेल्या. सलून. छापखाना. फुलवाली. पुलाजवळचा दवाखाना, मागचं दार. दहा मिनिटांत नकाशाचा कायापालट झाला. ज्या शहराची तपासणी ताईंनी नऊ वर्षं केली होती ते एक आणि ज्यात मावशी राहत होत्या ते दुसरं, आणि आईला घेऊन जायचं होतं ते दुसऱ्यातून.

आई खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होती. "सलूनखाली लिही, झाड आहे म्हणून. आणि तो वस्तरा हातात असूनही दिवा लावायला आला, तेही लिही."

छापखान्याच्या दाराशी पहारेकऱ्याची बायको वाट बघत उभी होती, जणू पाहुणे यायचे होते. अकराला दहा कमी असताना दोघी एक्स्चेंजच्या पायऱ्यांशी पोचल्या आणि आई तिथे मिनिटभर नुसती उभी राहिली. सव्वा तासाच्या रस्त्याला जवळजवळ दोन तास लागले होते. पण कोट कोरडा होता आणि मान ताठ होती.

संग्रहालयातली सोय उत्तम निघाली. लांब व्हरांड्याच्या टोकाला, चार दारं, नवी कोरी. फक्त ताईंनी एक गोष्ट धरली नव्हती, ती म्हणजे भाषणं.

दालनात पहिल्या रांगेत नऊ खुर्च्या होत्या, आठ म्हाताऱ्या ऑपरेटर आणि टोकाला घड्याळबाई. हातात काठी, पाठ अजून फळीसारखी सरळ. ऑपरेटर एकमेकींना अजूनही बोर्डाच्या नंबरानंच हाका मारत होत्या. "अगं सात नंबर! तू जिवंत आहेस?" "तीन नंबर, तुझे केस कुठे गेले?" आई म्हणजे सात नंबर. व्यासपीठाच्या मागे तो बोर्ड होता, पुसून, दिवे लावून, आणि सातव्या जागेसमोर रिकामं स्टूल. आईची नजर त्यावरून हलत नव्हती.

कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, तेवढ्यात आई पुन्हा एकदा जाऊन आली. संचालक दोन शब्द बोलले. मग प्रमुख पाहुणे उठले, कुठल्याशा मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, हातात कागदांची गड्डी. विषय "संवादाचं महत्त्व". दहा मिनिटांत ते आदिमानवापासून कबुतरांपर्यंत आले. ताई तिसऱ्या रांगेतून आईच्या पाठीकडे बघत होत्या. पंधरा मिनिटं. कबुतरं उडून गेली, आता टपालगाडी. अठरा. आईनं एक पाय दुसऱ्या पायावर घेतला. वीस. गुपचूप तिला काढून न्यावं म्हणून ताई अर्ध्या उठल्या.

आणि आईचा डावा हात वर गेला.

तो तिनं नेला की आपोआप गेला, कोण जाणे. समोर बोर्ड होता, अंगात एकतीस वर्षांची सवय होती. सरळ, ताठ, कान झाकून गेलेला हात. हात दाखवून अवलक्षण झालं, असं ताईंच्या मनात आलं आणि त्या होत्या तशाच अवघडून थांबल्या.

प्रमुख पाहुण्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वा! आजींना काही विचारायचंय. विचारा, विचारा. माइक द्या त्यांना."

कुणीतरी माइक पुढे केला. आई उठली.

"विचारायचं नाही साहेब," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, एकतीस वर्षं तारेतून गावोगाव गेलेला. "मला लघवीला जायचंय. चार मिनिटांत येते. तोवर थांबाल का? तुमचं टपाल चुकवायचं नाहीये मला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणी साथ न दिल्यामुळे लगेच गप्प बसलं. प्रमुख पाहुण्यांचं तोंड उघडं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत दुसरा हात वर गेला.

"मलाही," तीन नंबर म्हणाली.

"मला तर कबुतरांपासून लागलीय," अकरा नंबर म्हणाली. मग पाच नंबर, मग नऊ. एकेक करून आठच्या आठ हात वर. आयुष्यभर जे एका वेळी एकीनं करायचं होतं, ते आज सगळ्यांनी मिळून केलं. आणि हात वर करून वाट बघत कुणी बसलं नाही. आई निघाली, तिच्यामागे सगळ्या निघाल्या आणि सगळ्यांच्या पुढे रस्ता दाखवायला ताई.

व्हरांडा हशानं भरून गेला. रांगेत उभ्या असताना तीन नंबरनं विचारलं, "एवढ्या लांबून तू आलीस तरी कशी गं? मला लेकानं गाडीतून आणलं, तरी काल दुपारपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही."

"मी बसनं आले. घोटघोट पाणीही प्यायले शेवटी," आई म्हणाली. "माझ्याकडे नकाशा आहे."

मग सात पर्समधून सात मोबाइल निघाले. "मला पाठव." "मलाही." "हे सलून कुठलं?" "झाड आहे म्हणे!" ताई एकेकीला पाठवत होत्या. नऊ वर्षांत त्यांच्या एकाही अहवालाची कुणी दुसरी प्रत मागितली नव्हती.

सगळ्या परत आल्या, बसल्या. प्रमुख पाहुणेही तेवढ्यात जाऊन आले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी कागद उचलले. घसा साफ केला.

पहिल्या रांगेच्या टोकाला हालचाल झाली. घड्याळबाईंचा हात. तो खांद्याच्या वर जात नव्हता, वयामुळे. नुसताच हवेत, छातीपाशी, कापत उभा होता. त्यांची नजर समोर होती, कुणाकडेच नाही. आठही जणी त्या हाताकडे बघायला लागल्या. त्या हातात एकेकाळी वही असायची.

आई उठली. त्यांच्यापाशी गेली. क्षणभर ताईंना वाटलं, आता ही काय बोलतेय. सव्वादहा ते पावणेअकरा, अर्धा तास, कोण विसरतं?

आई म्हणाली, "चला बाई, उठा. माझी लेक नेते तुम्हाला." मग ताईंकडे वळून, "सावकाश ने. आणि घड्याळ लावू नकोस."

व्हरांडा घड्याळबाईंना फार लांब पडला. काठी, पाऊल, काठी, पाऊल. अर्ध्यात त्या थांबल्या.

"सात नंबर तुझी आई ना? तिचा हात सगळ्यात सरळ असायचा. दिसायचा मला."

"दिसायचा?" ताईंचा आवाज जरा तिखटच आला.

"दिसायचा. वरून हुकूम होता, ताशी दोघींपेक्षा जास्त सोडायच्या नाहीत." त्यांनी श्वास घेतला. "आणि मी हात वर करायचा झाला तर माझ्यावर बघायला कुणीच नव्हतं. मी आठ-आठ तास तशीच उभी असायचे."

ताईंनी घड्याळबाईंचा दंड जरा नीट धरला, आणि दार उघडून पिशवी खुंटीला टांगून दिली.

परतताना व्हरांड्यात सगळं सामसूम होतं. टाळ्या नाहीत, माइकचा आवाज नाही. पंधरा-वीस मिनिटं तरी झाली असावीत असं वाटलं, मनगट बघायचं नाही असं ठरलं होतं म्हणून ताईंनी पाहिलं नाही. संपला वाटतं कार्यक्रम, गेले सगळे, आणि या म्हातारीला रिकाम्या खुर्च्या दिसणार, असं ताईंच्या मनात आलं. त्यांनी दालनाचं दार ढकललं.

कुणीही गेलं नव्हतं. शे-दीडशे माणसं जागच्या जागी बसली होती. प्रमुख पाहुणे माइकसमोर कागद धरून गप्प उभे होते. आणि त्यांच्या समोर, बोर्डाकडे तोंड करून, आई उभी होती, डावा हात सरळ वर केलेला, तळवा पाहुण्यांकडे. जायला मागणारा तोच हात, पण आता तो सगळ्यांना थांबवून धरत होता.

"आल्या?" आईनं विचारलं. "बसा बाई, सावकाश बसा. काठी इकडे द्या."

घड्याळबाई बसल्या. आईनं काठी खुर्चीला टेकवून ठेवली, कोट सारखा केला, आपल्या जागेवर जाऊन बसली आणि मगच हात खाली घेतला.

"हं, बोला साहेब," ती म्हणाली. "टपालगाडीपर्यंत आला होतात."

आणि साहेब पुढे बोलायला लागले.